तुरीच्या शेतातला चित्ता

फोन रात्री सव्वादहाला आला. "काका, शेतात चित्ता आलाय. कॅमेरा घेऊन लवकर या."

बोदवडात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो आणि फॉर्मला लागणारे पासपोर्ट फोटो, यावर घर चालतं. उरलेल्या वेळात मी जनावरांचे फोटो काढतो. त्यासाठी कर्ज काढून १५०-६०० ची लेन्स घेतली, आणि तेव्हापासून तालुक्यात कुठे झुडूप हललं की पहिला फोन मला येतो, वनखात्याला दुसरा. फोन येतो याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फोनवरच्या त्या एका शब्दाची आहे. आजवर आलेल्या अशा फोनांत जनावर कधी बिबट्या निघालं, कधी तरस, कधी कोल्हा, एकदा तर रानमांजर. शब्द मात्र दर वेळी तोच: चित्ता.

शेत एणगावच्या अलीकडे होतं. तूर खांद्याएवढी झालेली, शेंगा भरत आलेल्या. बांधाजवळ पाइप फुटून चिखल झाला होता आणि त्या चिखलाभोवती आठ-दहा जण मोबाइलचे दिवे लावून उभे होते. ठसे चांगले उमटले होते. शेतमालकाचा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याने फोन माझ्यापुढे धरला. "काका, बघा, नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. चित्त्याची बाहेर राहतात. इथं लिहिलंय. म्हणजे हा चित्ताच."

त्याने वाचलेलं सगळं बरोबर होतं. मांजरकुळात नखं पूर्ण आत न जाणारा मोठा प्राणी म्हणजे चित्ताच. धावताना ती नखं जमिनीत रुततात, खेळाडूच्या खिळ्यांच्या बुटांसारखी, आणि त्या पकडीवर तो अंग झोकून वळतो. तळव्याच्या गाद्याही इतर मांजरांसारख्या मऊ नसतात, घट्ट असतात. पण नखं कुत्र्याचीही उमटतात, कोल्ह्याचीही आणि तरसाचीही. चिखलात पुढच्या पायाचा ठसा मोठा होता, मागच्या पायाचा बराच लहान. असा पुढे जड आणि मागे उतरता प्राणी आपल्याकडे एकच. मी शेजारी लेन्सचं झाकण ठेवून ठशाचा फोटो काढला आणि सांगितलं की हे तरस आहे.

सगळ्यांचे चेहरे पडले. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे काही नाही आलं." आणि माणसं पांगली.

ते वाक्य मला अजून टोचतं. एक तरस रात्रीच्या अंधारात आपल्या तुरीतून चालत गेलं. माणसाच्या इतक्या जवळ राहूनही जे क्वचितच दिसतं, ते जनावर ठसे ठेवून गेलं, आणि ते आलंच नाही असं ठरलं. कारण ते चित्ता नव्हतं.

सकाळी सात वाजता गावातल्या तीन ग्रुपवर संदेश फिरत होता: बोदवड तालुक्यात चित्ता, शेतकऱ्यांनी सावध राहावे. सोबत फोटो. फोटोत वारुळावर बसलेला खरा चित्ता होता आणि त्याच्यामागे छत्रीसारखी सपाट झाडं असलेलं आफ्रिकेचं मैदान. हे मैदान आपल्या तालुक्यात कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही. मी तिन्ही ग्रुपवर ठशाचा फोटो टाकला आणि तरस असल्याचं लिहिलं. त्याला दोन अंगठे आले. एक माझ्या मेव्हण्याचा होता.

एका शब्दासाठी इतका त्रागा कशाला, असं मला घरातही विचारतात. एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. बिबट्या आला असेल तर करायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मुलांना संध्याकाळी एकटं पाठवायचं नाही, उघड्यावर झोपायचं नाही, कुत्रं बाहेर बांधायचं नाही, उसाच्या किंवा केळीच्या बागेत वाकून काम करताना सोबत ठेवायची. २०१७ साली आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, बिबट्याने माणसं मारली होती आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडे तर वाघ आहेत. असल्या मुलखात जनावराचं नाव अचूक घेणं ही शेतकऱ्याच्या उपयोगाची गोष्ट आहे. बिबट्या दबा धरतो, झाडावर चढतो, रात्रीचा फिरतो, उकिरड्याजवळच्या कुत्र्यावरही जगतो. चित्ता उघड्या रानाचा, दिवसा शिकार करणारा, अंगाने हलका प्राणी आहे. भांडण अंगावर घेण्याची त्याची ताकद नाही. आफ्रिकेत तरस आणि सिंह त्याच्या तोंडची शिकार हिसकावतात आणि तो निमूट बाजूला होतो. जबडा लहान, सुळे लहान. लहान सुळ्यांची मुळंही लहान असतात, त्यामुळे नाकाच्या पोकळीला जास्त जागा मिळते, आणि धावून आल्यावर भक्ष्याचा गळा तोंडात धरलेला असतानाही त्याला नाकाने भरपूर श्वास घेता येतो. त्याच्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अशी धावण्यासाठी काहीतरी सोडून दिलेली आहे. अशा प्राण्याचं नाव बिबट्याला देणं दोघांवरही अन्याय आहे.

दुसरं कारण जुनं आहे, आणि ते सांगताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. चित्ता हा शब्द बाहेरून आलेला नाही. तो संस्कृतातल्या चित्रकावरून आपल्या भाषांत आला, आपल्याकडून इंग्रजांनी उचलला आणि तिथून जगभर गेला. आणि नुसता शब्द नाही, जनावरही इथलंच होतं. टी. सी. जेर्डन नावाच्या लष्करी डॉक्टराने १८६७ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात चित्ता कुठे कुठे सापडतो हे सांगताना तो मध्य भारत आणि दक्षिणेचा काही भाग घेतो, आणि वायव्येकडची हद्द सांगताना सुरुवात करतो ती खानदेशापासून. खानदेश, मग सिंध, राजपुताना, पंजाब. छापील पानावर आपल्या मुलखाचं नाव त्या प्राण्यासोबत आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्टुडिओ बंद करून घरी गेलो होतो. गिऱ्हाइकाशी बोलायची इच्छाच नव्हती.

त्याच १८६७ साली भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. ती आपल्या नाडगावावरूनच जाते, बोदवड स्टेशन तिथेच आहे. रेल्वे आली ती कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर गेली. गवताची रानं नांगराखाली आली. काळवीट गेलं, आणि त्याच्यावर जगणाऱ्या चित्त्याला थारा उरला नाही. त्याआधी शतकानुशतकं दरबारांसाठी चित्ते पकडले जात होते. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते असं सांगतात. पाळलेल्या चित्त्यांना पिल्लं होत नसत. जहांगिराच्या काळात, १६१३ साली, एका मादीला कैदेत पिल्लं झाल्याची नोंद आहे. त्यानंतर कैदेत पिल्लं जन्मली ती थेट १९५६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला असे, आणि त्याची जागा रानात रिकामीच राही. पारध्यांमध्ये चित्ते पकडून शिकवणाऱ्यांची एक वेगळी शाखा होती. विसावं शतक उजाडेपर्यंत आपल्या कोल्हापूरच्या दरबारालाही शिकारीचे चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागत होते. ज्या देशाने त्या प्राण्याला जगातलं नाव दिलं, त्या देशाने तो बोटीने आणायला सुरुवात केली.

माझ्या स्टुडिओच्या खणात एक छापील फोटो आहे. फोटोग्राफर म्हणून मला तो नीट बघवत नाही. कोरिया संस्थानाचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव उभे आहेत आणि पुढ्यात तीन मेलेले चित्ते आहेत, तिन्ही नर, बहुधा एकाच विणीचे भाऊ. १९४७ च्या अखेरीस, रात्री, गाडीच्या उजेडात दिसले आणि मारले गेले. फोटो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवला गेला आणि त्यांच्या नियतकालिकाने नापसंतीच्या शब्दांसह नोंद छापली. १९५२ साली चित्ता भारतातून संपल्याचं सरकारने मान्य केलं. भारतातल्या रानचित्त्याचं चित्र म्हणून जे सगळ्यात जास्त वेळा छापलं जातं, ते हे आहे. त्यात त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

हे ठाऊक असलेल्या माणसाला बाजारात फिरताना काय होतं, ते सांगतो. कापडाच्या दुकानात चित्ता प्रिंट मागितलं की बिबट्याच्या कातडीचं कापड मिळतं. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखे पोकळ गोल असतात, मधे रंग वेगळा. चित्त्याचे ठिपके भरीव काळे, एकेक सुटा, कुंकवाच्या टिकलीसारखे. मी दुकानदाराला हे तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी त्याने गल्ल्यावरून उठून आतल्या खोलीत जाणं पसंत केलं. माझ्या बायकोला तेव्हा नुसतं ब्लाउजपीस घ्यायचं होतं, ते राहिलं. तेही माझ्यामुळेच राहिलं असं ती म्हणते आणि ते खरं आहे.

मोबाइलवरच्या चित्रफितींमध्ये चित्ता डरकाळी फोडतो. तो फोडत नाही. त्याच्या घशाची रचनाच तशी नाही. तो घरच्या मांजरासारखा गुरगुर करतो, आणि पिल्लांना हाक मारताना पाखरासारखा चिवचिवतो. इतका लांबसडक प्राणी चिमणीच्या आवाजात हाक मारतो हे ऐकलं तर कुणीही थक्क होईल, पण त्यावर सिंहाचा आवाज चिकटवून ते लोकांपासून लपवलं जातं. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत ज्या दोन काळ्या रेघा असतात, त्यांच्याखाली 'रडणारा चित्ता' असं लिहून विरहाच्या ओळी टाकतात. त्या रेघांमुळे उन्हाची तिरीप डोळ्यांत कमी जाते असं मानलं जातं. भर दुपारच्या उजेडात लांबवर नजर लावणाऱ्या प्राण्याच्या चेहऱ्यावर त्या शोभतात. त्यात दुःख शोधायचं कारण नाही.

आणि वेग. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी फोटो काढायला जातो. तिथे प्रश्नमंजूषेत दरवर्षी हा प्रश्न असतो आणि उत्तर ताशी १२० किलोमीटर असतं. टाळ्या पडतात. मी कॅमेरा खाली ठेवून दरवर्षी गुरुजींना सांगतो. २०१३ साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या ॲलन विल्सन यांनी बोट्स्वानातल्या पाच रानचित्त्यांच्या गळ्यात वेग मोजणारे पट्टे घातले आणि त्यांच्या ३६७ धावा मोजल्या. 'नेचर'मध्ये तो अभ्यास छापून आला. सगळ्यात जास्त वेग निघाला ताशी ९३ किलोमीटर, आणि तोही क्वचित. बहुतेक धावांतला वरचा वेग याच्या निम्म्याच्या थोडा वर होता, सरासरी ५४. एक धाव सरासरी १७३ मीटरची, म्हणजे आपल्या बसस्टँडवरून निघालं तर रिक्षास्टॉपच्या थोडं पुढे. चारपैकी जेमतेम एक पाठलाग यशस्वी. आणि कळीची गोष्ट वेगाची नव्हतीच. तो किती पटकन वेग घेतो, किती पटकन सोडतो आणि हरणाने दिशा बदलली की किती आतून वळतो, यावर शिकार ठरत होती. म्हणून ती नखं. म्हणून ती जड लांब शेपूट, जी वळताना उलट दिशेला फेकली जाते आणि होडीच्या सुकाणूचं काम करते. म्हणून तो लवचीक कणा, जो धनुष्यासारखा वाकून सरळ होतो. पुढच्या पायाला आतल्या बाजूला एक वर राहिलेलं नख असतं, ते मात्र तीक्ष्ण राहतं. धावत्या हरणाच्या पायात ते अडकवून तो हरीण पाडतो.

१२० हा आकडा पाठ केला की यातलं काहीही कळण्याची गरज उरत नाही. माझा राग त्या आकड्यावर याच्यासाठी आहे. गुरुजी म्हणतात, पुस्तकात तेच आहे. गुरुजी भले आहेत, पण ते उत्तर मला पटत नाही.

अजून एक समज डोक्यातून काढायला मला स्वतःलाच वेळ लागला. चित्ता धावून धावून तापतो आणि डोकं गरम झालं म्हणून पाठलाग सोडतो, हे मीही लोकांना सांगत होतो. १९७३ च्या एका प्रयोगात चित्त्यांना चालत्या पट्ट्यावर पळवलं होतं, त्यावरून हे पसरलं. २०१३ साली मोकळ्या चित्त्यांच्या अंगात तापमापक बसवून पाहिलं तेव्हा पाठलाग करताना ताप फारसा चढलाच नव्हता. चढला तो नंतर, आणि शिकार मिळाली तेव्हा जास्त. भक्ष्य पायाशी आहे आणि कोणीतरी येऊन ते हिसकावेल, या सावधपणाचा तो ताप असावा असं त्या अभ्यासकांना वाटतं. हे वाचल्यावर मी पूर्वी ज्यांना ज्यांना चुकीचं सांगितलं होतं, त्यातले आठवले तेवढ्यांना फोन केले.

आता कुनोबद्दल. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेतून बारा. हे चित्ते आफ्रिकेचे आहेत, आपले ते आशियाई चित्ते आता फक्त इराणात मूठभर उरलेत, हे मला कळतं. तरी मी पैसे साठवले आणि गेल्या मार्चमध्ये भुसावळहून ग्वाल्हेर आणि तिथून गाडीने टिकटोलीच्या दरवाजापर्यंत गेलो. दोन सफारी घेतल्या. पहिलीत काही दिसलं नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही, चारपैकी तीनदा तर चित्त्यालाही काही मिळत नाही.

दुसऱ्या सफारीत करधईच्या विरळ सावलीत दोन चित्ते बसलेले दिसले, दोनशे मीटरवर तरी असतील. गाडीत माझ्यासोबत पाच जण होते. एकाने पहिलं वाक्य काढलं ते म्हणजे, "पळवा ना त्यांना." दुसरा ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगत होता. तिसरा उठून उभा राहिला, गाडी हलली आणि माझ्या पहिल्या सात फ्रेम गेल्या. गाइडने गाडी जागची हलवू दिली नाही, त्याचे माझ्यावर उपकार आहेत. चित्ता दिवसा शिकार करतो, माणसंही दिवसाच येतात. आफ्रिकेत गाड्यांच्या गराड्यामुळे शिकार हुकते, आईपासून पिल्लं तुटतात. हे आपल्याकडे सुरुवातीलाच रोखलं पाहिजे. पळणाऱ्या चित्त्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण त्याच्या आयुष्यातला बहुतेक वेळ बसण्यात, पाहण्यात, ऐकण्यात जातो. एकाने मान उचलली आणि क्षितिजावर नजर सरळ ठेवली. चित्त्याच्या डोळ्यात पाहण्याच्या पेशींची दाट पट्टी आडवी असते, सपाट मैदानाची कड नजरेत राहावी म्हणून. मी ते पुस्तकात वाचलं होतं. तिथे समोर दिसलं: डोकं अजिबात न हलवता तो पूर्ण कड पाहत होता.

सकाळचे साडेनऊ झाले होते आणि जमीन तापू लागली होती. लांबच्या लेन्सने उन्हात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास माहीत आहे. जमिनीवरून गरम हवा वर उठते आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. लेन्स कितीही महाग असो, त्याला इलाज नाही. जवळ जाता येत नाही, सकाळ परत येत नाही. एकेचाळीस फ्रेम काढल्या, पाच ठीक आल्या. त्यातल्या एकीत तो एक पाय दगडावर ठेवून उभा आहे. नखं दिसतात. गळ्यात रेडिओचा पट्टा आहे.

त्या पट्ट्यावरून मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला. फोटो मोठा करून स्टुडिओत लावला. जळगावहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला तो दिवाणखान्यासाठी हवा होता, किंमतही मान्य होती. फक्त पट्टा काढून द्या म्हणाले. "पट्ट्यामुळे पाळीव वाटतो. तुम्हाला दोन मिनिटांचं काम आहे." काम खरंच दोन मिनिटांचं आहे. आता तर तेवढाही वेळ लागत नाही, मोबाइलवर बोट फिरवलं की पट्टा जातो आणि तिथे ठिपके येतात, कोणत्याच चित्त्याच्या अंगावर नसलेले.

मी नाही म्हणालो आणि कारण सांगायला बसलो. या चित्त्यांच्या अंगात दक्षिण गोलार्धाचं वर्ष मुरलेलं आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात जून ते ऑगस्ट थंडी असते. २०२३ च्या पावसाळ्यात कुनोतल्या काही चित्त्यांना त्या सवयीने भर पावसात थंडीची दाट लव आली. ती पाण्याने भिजली, पट्ट्याखाली ओल राहिली, जखमा झाल्या, त्यांत किडे पडले. जुलैमध्ये तेजस आणि सूरज हे दोन नर गेले. मग बाकीच्यांना पकडून आत आणून उपचार करावे लागले. पुढे तिथेच जन्मलेल्या मुखी नावाच्या मादीला २०२५ च्या नोव्हेंबरात पाच पिल्लं झाली. हे सगळं आपल्याला कळलं ते या पट्ट्यांमुळे आणि त्यांच्यामागे फिरणाऱ्या माणसांमुळे. पट्टा पुसला की फोटोतून ही सगळी हकिगत पुसली जाते आणि उरतं ते कुठलंही, केव्हाचंही चित्र. आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी घरातल्या टेबलावर काय काय मांडून अख्खी दृश्यं उभी केली, पण त्या फोटोंना त्यांनी टेबल टॉपच म्हटलं. बनवलेलं ते बनवलेलं म्हणून दाखवलं, म्हणून त्याची किंमत. गिऱ्हाइकाने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की मग बिबट्याचा एखादा आहे का, बिनपट्ट्याचा. मी आहे म्हणालो आणि तो दिला. फ्रेमच्या मागे मोठ्या अक्षरात 'बिबट्या' लिहून दिलं.

चित्त्याची फ्रेम अजून भिंतीवर आहे.

मागच्या आठवड्यात एणगावचा तो मुलगा पोलीस भरतीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आला. तूर निघाली, भाव पडला, पाइप दुरुस्त झाला, असं सगळं सांगितलं. मी पांढरा पडदा सोडत होतो तेवढ्यात तो फ्रेमजवळ गेला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला. आधी दगडावरच्या पायाकडे, मग गळ्याकडे, मग अंगावर.

"काका," तो म्हणाला, "याच्या ठिपक्यांना मधे भोक नाही."

"नाही."

"आणि हा पट्टा?"

"तू स्टुलावर बस, मान सरळ ठेव," मी म्हटलं. "फोटो धुऊन होईपर्यंत सांगतो."